बारिसालचे वकील जोगेंद्रनाथ मंडल

दरवर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात आपल्या विहारात मुलांची प्रश्नमंजूषा घेतली जाते. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. परमपूज्य बाबासाहेब घटना समितीवर पहिल्यांदा कोणत्या प्रांतातून निवडून गेले? पोरं एका दमात सांगतात, ‘बंगालमधून!’ टाळ्या पडतात आणि पुढचा प्रश्न येतो. पण साताऱ्यात-मुंबईत शिकलेले आणि उभे आयुष्य मुंबई इलाख्यात चळवळ केलेले बाबासाहेब बंगालमधून निवडून आले कसे, तिथं त्यांचं होतं कोण, आणि ज्यानं हे घडवून आणलं त्याचं पुढं काय झालं, असं विचारलं तर मोठी माणसंही गप्प होतात. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्या माणसाची हकीकत थोड्या विस्ताराने मांडत आहोत. त्यांचे नाव जोगेंद्रनाथ मंडल. बंगालमधले त्यांचे लोक त्यांना ‘महाप्राण’ म्हणतात.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधल्या बारिसाल जिल्ह्यात एका नमःशूद्र शेतकऱ्याच्या घरी झाला. हा मुलूख आता बांगलादेशात आहे. सगळा नद्यांचा, खाड्यांचा आणि दलदलीचा प्रदेश. पावसाळ्यात शेजारच्या घरी जायचं तरी होडी लागायची. ही दलदल उपसून तिथं भात पिकवणारे लोक म्हणजे नमःशूद्र. संख्येने लाखांनी होते, अंगमेहनतीचे होते, पण वरच्या जातींनी त्यांना अस्पृश्य मानलेले. सरकारी शिरगणतीतसुद्धा त्यांची नोंद ‘चांडाळ’ अशी होत असे. ती काढून टाकावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या, आणि १९११ च्या शिरगणतीत कुठे ‘नमःशूद्र’ हे नाव लागले. आपल्याकडे गोपाळबाबा वलंगकर लष्करभरतीसाठी अर्ज लिहीत होते, त्याच्या आगेमागे तिकडे हा झगडा चालू होता.

हे लोक मुकाट्यानं सोसणारे नव्हते. १८७२-७३ साली एका नमःशूद्र पुढाऱ्याच्या घरच्या श्राद्धाच्या जेवणाला वरच्या जातींनी नकार दिला, तेव्हा फरीदपूर आणि बारिसाल भागातल्या नमःशूद्रांनी त्यांच्या घरचे आणि शेतातले काम काही महिने बंद ठेवले. शिवाय त्यांच्यात हरिचंद ठाकूर आणि त्यांचे चिरंजीव गुरुचंद ठाकूर यांचा मतुआ पंथ रुजला होता. ब्राह्मण पुरोहित नको, जातिभेद नको आणि मुलांना शाळेत घाला, ही गुरुचंदांची शिकवण. आपल्या महात्मा फुल्यांची आठवण व्हावी असेच ते काम होते. जोगेंद्रनाथ हे या जागृतीत वाढलेल्या पिढीतले.

बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात ते शिकले, १९२९ साली बी. ए. झाले. मग कलकत्त्याला जाऊन १९३४ साली कायद्याची पदवी मिळवली. त्या काळी नमःशूद्राच्या मुलानं वकील होणं म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची बातमी. थोडे दिवस कलकत्त्यात आणि मग बारिसालच्या कोर्टात त्यांनी वकिली केली. पण कोर्टात फार दिवस त्यांचं मन रमलं नाही. पक्षकार म्हणून जे समोर यायचे ते सावकाराच्या कागदात अडकलेले, जमीनदाराच्या थकबाकीत बुडालेले त्यांचेच भाऊबंद. एकेकाचा खटला लढवून हे संपणारे नाही, कायदा जिथे होतो तिथेच जाऊन बसले पाहिजे, हे तरुण वकिलाच्या ध्यानात आले असावे, असे त्यांची पुढची पावले पाहून वाटते.

१९३७ साली नव्या कायद्याप्रमाणे प्रांतिक निवडणुका झाल्या. पुणे कराराप्रमाणे बंगालच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी ३० राखीव जागा होत्या. जोगेंद्रनाथांनी त्यातली एकही न घेता सर्वसाधारण जागेवरून अपक्ष म्हणून अर्ज भरला! समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त. दत्त घराणे म्हणजे बारिसालचे पहिल्या मानाचे घराणे. अश्विनीकुमार दत्तांनीच ब्रजमोहन कॉलेज काढले होते आणि सरलबाबू त्यांचे पुतणे. म्हणजे ज्या घराण्याच्या कॉलेजात शिकले, त्याच घराण्याच्या उमेदवाराला तेहेतीस वर्षांच्या नवख्या वकिलाने पाडले. सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेले अनुसूचित जातीचे ते एकटेच. आज राखीव जागेशिवाय आपल्या माणसाला तिकीट मिळत नाही, याची ज्यांना चीड आहे त्यांनी १९३७ चा हा निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सुरुवातीला जोगेंद्रनाथांचा ओढा सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे बंधू शरदचंद्र यांच्याकडे होता. १९४० साली ते कलकत्ता कॉर्पोरेशनवर निवडून आले तेही बोस गटाच्या पाठिंब्याने. पण सुभाषबाबूंना काँग्रेसने दूर केले, पुढे ते देशाबाहेर गेले, आणि उरलेल्या काँग्रेसमध्ये जोगेंद्रनाथांना आपल्या लोकांसाठी जागा दिसेना. दरम्यान जुलै १९४२ मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. १९४३ साली तिची बंगाल शाखा निघाली ती जोगेंद्रनाथांच्या पुढाकाराने. इथून पुढे बाबासाहेब हे त्यांचे नेते.

त्याच १९४३ साली त्यांनी एक पाऊल उचलले, ज्यावरून आजही वाद होतात. बंगालमध्ये मुस्लिम लीगच्या ख्वाजा नाझिमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ बनत होते. जोगेंद्रनाथांनी अनुसूचित जातींच्या एकवीस आमदारांसह त्याला पाठिंबा दिला आणि स्वतः सहकारी पतपुरवठा व ग्रामीण कर्ज या खात्याचे मंत्री झाले. फुकट पाठिंबा मात्र दिला नाही. मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री, या जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी, अशा अटी घातल्या.

लीगच का, असा प्रश्न आपल्या मनात येतो. त्याचे उत्तर बंगालच्या शेतात आहे. पूर्व बंगालमध्ये जमीनदार, सावकार, वकील, शाळामास्तर हे बहुतेक वरच्या जातीचे हिंदू. कुळे आणि मजूर हे मुसलमान नाहीतर नमःशूद्र. एकाच बांधावर राबणारे, एकाच सावकाराचे देणेकरी. दोघांचे पोटाचे प्रश्न एक आहेत, तर विधानसभेतही त्यांनी एकत्र का बसू नये, असा जोगेंद्रनाथांचा हिशेब होता. त्या वेळी तो चुकीचा होता असे आम्हांला वाटत नाही. मात्र ते मंत्रिमंडळ बंगालच्या भीषण दुष्काळातलेच, ज्यात लाखो माणसे अन्नाविना मेली, आणि मेले ते बहुतेक हेच कुळे-मजूर. ही गोष्टही लपवता येत नाही.

आता आपण त्या बंगालच्या निवडणुकीकडे येऊ. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनची धूळधाण झाली. मुंबई विधानसभेत एकही उमेदवार आला नाही. बंगालमध्ये एकच आला, तो म्हणजे जोगेंद्रनाथ. घटना समितीचे सभासद प्रांतिक विधानसभांचे आमदार निवडणार होते. मुंबईत बाबासाहेबांना मत देणारा स्वतःचा आमदारच नाही, आणि काँग्रेसने तर दारे-खिडक्या बंद केल्याचीच भाषा चालवली होती. बाबासाहेब कलकत्त्याला गेले. तिथल्या युरोपियन आमदारांची मते मिळतील अशी आशा होती, पण त्यांनी मतदानातच भाग न घेण्याचे ठरवले. तेव्हा जोगेंद्रनाथांनी कंबर कसली. एक मत स्वतःचे. बाकीची मते अनुसूचित जातींच्या दुसऱ्या आमदारांची मिळवायची, आणि त्यातले बरेचसे काँग्रेसच्या तिकिटावर आलेले. काहींनी पक्षाचा आदेश बाजूला ठेवला, आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून आले.

इथं थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आपल्या सभांमधून नेहमी सांगितले जाते की, बाबासाहेब ‘जेसोर-खुलना मतदारसंघातून’ निवडून आले आणि म्हणून काँग्रेसने सूड म्हणून खुलना पाकिस्तानला देऊन टाकले. ऐकायला हे जोरकस वाटते, पण घटना समितीच्या निवडणुकीत गावांचा-जिल्ह्यांचा मतदारसंघ नव्हताच. बंगालला ६० जागा होत्या, २७ सर्वसाधारण आणि ३३ मुस्लिम, आणि त्या आमदारांनी प्रमाणशीर पद्धतीने मतपत्रिकेवर पसंतिक्रम देऊन भरायच्या होत्या. बाबासाहेबांची जागा गेली ती १९४७ साली बंगालची फाळणी ठरली आणि तिथल्या सर्व जागांसाठी पुन्हा निवडणूक घ्यावी लागली म्हणून. तोपर्यंत मात्र दिल्लीचे वारे फिरले होते. १७ डिसेंबर १९४६ चे घटना समितीतले बाबासाहेबांचे पहिले भाषण ऐकून विरोधकही स्तब्ध झाले होते. शेवटी राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून, बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर डॉ. आंबेडकरांना ताबडतोब निवडून पाठवावे, असे कळवले. आता विचार करा. बंगालने १९४६ मध्ये दार उघडले नसते, तर ते भाषणच झाले नसते, आणि भाषण झाले नसते तर ३० जूनच्या त्या पत्राची वेळ आली असती का, हे सांगणे कठीण आहे. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, तिच्यामागे बारिसालच्या या वकिलाची धावपळ आहे, ती अशी.

पुन्हा १९४६ कडे. १६ ऑगस्टला लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती’ दिनी कलकत्त्यात भयंकर कत्तल झाली. हजारो हिंदू-मुसलमान मारले गेले. जोगेंद्रनाथ त्या वेळी सुऱ्हावर्दींच्या लीग मंत्रिमंडळात होते. राजीनामा द्या, म्हणून त्यांच्यावर चहूकडून दडपण आले, धमकीची पत्रे आली. संतापलेल्या हिंदू जमावापासून आपला जीव वाचवला तो आपल्या सवर्ण हिंदू शेजाऱ्यांनी, हे त्यांनीच पुढे कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. तरीही त्यांनी राजीनामा दिला नाही. उलट सरकारवर अविश्वासाचा ठराव आला तेव्हा काही अनुसूचित जातींचे आणि अँग्लो-इंडियन आमदार सरकारच्या बाजूला ठेवण्याची खटपट केली. ऑक्टोबरमध्ये नोआखालीत दंगल झाली. तिथे नमःशूद्रही सुटले नाहीत.

आणि त्याच महिन्यात जीनांनी त्यांना दिल्लीच्या हंगामी सरकारात लीगच्या पाच जागांपैकी एक देऊ केली. काँग्रेसने आपल्या वाट्यातून एक मुसलमान मंत्री घेतला होता, त्याला शह म्हणून जीनांनी एक अस्पृश्य मंत्री पुढे केला, हे उघड आहे. जोगेंद्रनाथांना होकार कळवायला एक तासाची मुदत मिळाली. त्यांनी होकार दिला, पण एक अट घालून. माझे नेते डॉ. आंबेडकर यांना हे पसंत पडले नाही, तर मला राजीनामा देण्याची मोकळीक असावी. बाबासाहेब त्या वेळी लंडनला होते. तिथून त्यांची संमतीची तार आली. जोगेंद्रनाथ कायदेमंत्री झाले. जाता जाता, बंगालमधल्या आपल्या रिकाम्या जागी अनुसूचित जातींचे दोन मंत्री घ्यावेत हेही त्यांनी सुऱ्हावर्दींकडून कबूल करून घेतले होते. ही त्यांची पद्धत. हाती आलेल्या एकेका खुर्चीच्या बदल्यात आपल्या लोकांसाठी आणखी काही मिळवायचे.

१९४७ साल उजाडले. बंगालची फाळणी करावी अशी मागणी हिंदू महासभा आणि काँग्रेस दोन्हीकडून जोरात होती. जोगेंद्रनाथांनी तिला विरोध केला. कारण साधे होते. नमःशूद्रांची जमीन पूर्वेला. बंगाल तुटला तर सवर्ण जमीनदार आणि वकील कलकत्त्याला बिऱ्हाड हलवू शकतील, दलदलीतला शेतकरी जमीन खांद्यावर घेऊन कुठे जाणार? या प्रचारात त्यांना शिव्याशाप आणि अपमान सोसावे लागले. ‘जोगेन अली मुल्ला’ असे नाव त्यांना ठेवले गेले. फाळणी झालीच, आणि ते पाकिस्तानात गेले.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा तिच्या तात्पुरत्या अध्यक्षपदी निवडले गेले जोगेंद्रनाथ मंडल. दुसऱ्या दिवशी जीना कायमचे अध्यक्ष झाले आणि धर्म ही खाजगी बाब आहे, राज्याला तिच्याशी कर्तव्य नाही, अशा आशयाचे त्यांचे प्रसिद्ध भाषण झाले. पाकिस्तानचे पहिले कायदा आणि मजूर मंत्री जोगेंद्रनाथ झाले. इकडे १५ ऑगस्टला भारताचे पहिले कायदेमंत्री बाबासाहेब झाले. नवे जन्मलेले दोन देश, दोघांचेही कायदे खाते एकाच फेडरेशनच्या दोन माणसांच्या हाती, आणि दोघेही ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई अशा जातींत जन्मलेले. जगाच्या इतिहासात अशी गोष्ट दुसरीकडे कुठे घडली असेल असे आम्हांला वाटत नाही. आपल्या पुस्तकांत तिचा एका ओळीचाही उल्लेख नसतो!

पण पदाला मान असतो म्हणजे हुकूमत असतेच असे नाही. पश्चिम पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना, विशेषतः कराचीच्या सफाई कामगारांना, भारतात येऊ दिले जात नव्हते. ते गेले तर शहराचा मैला कोण उचलणार? त्यांचे काम ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवले गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून पाकिस्तानातल्या अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात या असे सांगितले. सवर्ण हिंदूंवर राग आहे एवढ्यासाठी मुस्लिम लीगवर विसंबून राहणे घातक ठरेल, असेही बजावले. १८ डिसेंबरला त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून या लोकांना बाहेर काढण्याची व्यवस्था करावी अशी मागणी केली. जोगेंद्रनाथ मात्र पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांना सांगत होते की, गाव सोडू नका, मी सरकारात आहे. नेता आणि अनुयायी यांचे रस्ते इथे वेगळे झाले. बाबासाहेबांवरची त्यांची निष्ठा कमी झाली नव्हती, पण सीमेच्या पलीकडून त्यांना दिसत होते ते निराळे होते.

त्यांनी नाझिमुद्दीनांकडे मागितले होते की, पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे दोन मंत्री घ्यावेत. होकार मिळाला, पण ‘थोड्या दिवसांनी’. थोड्या दिवसांचे महिने झाले. नाझिमुद्दीन गेले, नुरुल अमीन आले, पुन्हा बोलणी, पुन्हा आश्वासन. सप्टेंबर १९४८ मध्ये जीना वारले. मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटनेची उद्दिष्टे इस्लामच्या पायावर ठरवणारा ठराव मंजूर झाला. खेड्यापाड्यांतून पोलिसी जुलमाच्या, लुटीच्या, बायकांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी येत होत्या. मंत्री त्या वर पाठवत होते. वरून काहीच होत नव्हते.

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावी एका घरात कम्युनिस्ट लपल्याच्या संशयावरून पोलीस रात्री शिरले. झटापटीत एक शिपाई मेला. त्यानंतर सशस्त्र पोलीस आणि आसपासचे लोक गावावर तुटून पडले. गाव नमःशूद्रांचे. साडेतीनशे घरांपैकी तीनच उभी राहिली, असे जोगेंद्रनाथांनी स्वतः जाऊन पाहिल्यावर लिहिले आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आणि इतरत्र दंगली पेटल्या. ते ज्या जिल्ह्यातून निवडून आले होते, तोच त्यांचा बारिसाल जिल्हा सर्वांत जास्त होरपळला. पूर्व बंगालमधल्या मृतांचा त्यांचा अंदाज दहा हजारांच्या घरातला. सीमेच्या अलीकडे पश्चिम बंगालमध्येही त्या काळात मुसलमानांवर हल्ले झाले आणि तेही घरेदारे सोडून पळाले, हे सांगायला हवे. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू-लियाकत करार झाला. दोन्हीकडच्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची कलमे कागदावर आली. जोगेंद्रनाथ वाट पाहत राहिले. गावात काही बदलले नाही.

शेवटी ते कलकत्त्याला आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी तिथून पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवला. तो वाचावा असा कागद आहे. वकील फिर्याद लिहितो तसा तो लिहिला आहे, गावांची नावे, तारखा, घटना, कोणी काय वचन दिले आणि ते कधी मोडले, सगळे क्रमाने. आपण लीगशी सहकार्य का केले हेही त्यांनी त्यात झाकून ठेवलेले नाही. जवळजवळ एक वर्षाने, २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनीही नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांच्या निवेदनात हिंदू कोड बिलाची व्यथा आहे हे आपल्याला माहीत असते. त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले होते की, काश्मीरपेक्षा पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांच्या हालांची चिंता आपल्याला अधिक वाटत आली आहे. पूर्व बंगालमधले हे लोक बहुतांशी जोगेंद्रनाथांचे.

जोगेंद्रनाथांचे काय चुकले, यावर आमचे मत थोडक्यात सांगतो. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन छापले. अनुसूचित जातींना काय हवे ते त्यांनी कलमवार, घटनेत घालता येईल अशा भाषेत लिहून काढले. कोणा नेत्याच्या चांगुलपणावर त्यांनी काही सोडले नाही. जोगेंद्रनाथही कायदाच शिकलेले, पण त्यांनी मागितलेले बहुतेक सारे तोंडी राहिले, नाझिमुद्दीनांशी, सुऱ्हावर्दींशी, जीनांशी झालेल्या बोलण्यावर टिकून. माणसे बदलली, वारली, आणि बोलणे हवेत गेले. तरी यात एक न्याय्य गोष्ट विसरता कामा नये. बाबासाहेबांच्या हाती पेन देणारी घटना समिती होती. जोगेंद्रनाथ ज्या घटना समितीचे पहिले अध्यक्ष होते, तिने त्यांच्या डोळ्यांदेखत एकही घटना पुरी केली नाही. पाकिस्तानची पहिली घटना लागू झाली १९५६ साली.

२०१९-२० मध्ये नागरिकत्व कायद्याच्या वादात जोगेंद्रनाथांचे नाव अचानक मोठमोठ्या व्यासपीठांवरून आणि संसदेतही घेतले गेले. त्या भाषणांत राजीनाम्याचा मजकूर येतो. पण १९३७ साली आणि १९४३ साली या माणसाला सवर्ण समाजाकडे आणि काँग्रेसकडे पाठ का फिरवावीशी वाटली, ते कोणी सांगत नाही. अर्धी हकीकत सांगून कोणाचाही उपयोग करून घेता येतो.

कलकत्त्याला परतल्यावर इकडचे त्यांना पाकिस्तानचा माणूस म्हणत आणि तिकडचे गद्दार. एके काळचा केंद्रीय मंत्री निर्वासितांच्या वस्त्यांमधून फिरू लागला. लाखो नमःशूद्र सीमा ओलांडून येत होते. ज्यांच्याजवळ पैसा आणि ओळखी होत्या ते निर्वासित कलकत्त्याच्या आसपास स्थिरावले. हे शेतकरी छावण्यांतच राहिले, आणि मग सरकारने त्यांना बंगालबाहेर दंडकारण्याच्या जंगलात पाठवण्याची योजना आखली. जोगेंद्रनाथ तिच्या विरोधात आंदोलनात उतरले. आपली माणसे दूरदूर विखुरली तर बंगालमधला त्यांचा आवाज कायमचा जाईल, हे त्यांना कळत होते. निवडणुकाही त्यांनी १९६७ पर्यंत अनेकदा लढवल्या. एकदाही निवडून आले नाहीत. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव इथे त्यांचे निधन झाले. बनगाव अगदी सीमेवर आहे, पलीकडे लगेच जेसोर लागते.

कलकत्त्यात त्यांच्या मुलाने बापाची कागदपत्रे जमवून पुस्तके काढली. देबेश राय यांची त्यांच्यावरची मोठी बंगाली कादंबरी २०१० साली आली. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फारच थोडे आहे.

आणि ज्यांच्यासाठी ते झगडले ती माणसे आपल्यापासून वाटतात तितकी दूर नाहीत. दंडकारण्याच्या काळात बंगाली निर्वासितांची गावे आपल्या विदर्भातही वसवली गेली. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शीकडे आणि गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावकडे गेलात तर भाताच्या खाचरांत, मासळीच्या तळ्यांकाठी बंगाली बोलणारी माणसे भेटतील. त्यातले बहुसंख्य नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये त्यांची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती यावी म्हणून ते वर्षानुवर्षे अर्ज करीत आले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्यांचे सोयरे आहेत अशी बरीच कुटुंबे आपल्या वस्तीत आहेत. पुढच्या खेपेला तिकडे गेलात तर त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जोगेन मंडलांचे नाव जरूर विचारा.